तायडेबाईंचं भेव

तायडेबाई आमच्या शेजारी अकरा वर्षं राहिल्या, आणि या अकरा वर्षांत त्यांनी एकदाही पहिल्या हाकेला दार उघडलं नाही. पहिल्या हाकेला आतला पंखा बंद व्हायचा. दुसऱ्या हाकेला खिडकीचा पडदा बोटभर सरकायचा. मग साखळी लावलेल्या दाराच्या फटीत अर्धा चष्मा दिसायचा आणि आवाज यायचा, "कोन? गुलाबभाऊ काय?" मी रोजचा, भिंतीला भिंत लागून राहणारा माणूस. तरी रोज हेच. माझी बायको सिंधू चिडायची. म्हणायची, वाटीभर साखर मागायले आलेल्याले बाई दरोडेखोर समजतात. बाई हसायच्या आणि म्हणायच्या, "वैनी, मले भेव वाटते, काय करू."

त्यांना कुत्र्याचं भेव, पालीचं भेव, गॅसच्या सिलिंडरचं भेव. अनोळखी नंबरवरून फोन आला तर तो वाजून बंद होईपर्यंत त्याच्यापासून दोन हात दूर उभ्या राहायच्या आणि मग नंबर वहीत उतरवून घ्यायच्या. नोकरी कोणती, तर आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. तीस वर्षं पोट्ट्यांना करंट शिकवला आणि घरचा दिवा लावताना हात पदराला पुसून, चप्पल घालून बटण दाबायच्या. मी मोटार रिवाइंडिंगवाला. सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून तांब्याच्या तारेत हात. मी उघड्या हातानं फ्यूज काढला की त्या डोळे मिटायच्या.

लग्न केलं नव्हतं. बहीण अकोल्याला. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, चार बुकं शिकले आणि गावात लोकांचे अर्ज लिहून द्यायला लागले. खाली नाव-सही करायला जो तयार नसेल त्याचा अर्ज ते लिहीत नसत. एकदा अशाच एका अर्जापायी माणसं घरावर आली. बाई तेव्हा पाच वर्षांच्या. आईनं त्यांना ज्वारीच्या कणगीत उतरवलं आणि वरून सूप झाकलं. बाहेर बापाला मारून राहिले आणि ही पोरगी आत दाण्यात गळ्यापर्यंत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, सोल्डरिंग करता करता, मान वर न करता. पुढे कधी विषय काढला नाही. मी पण काढला नाही.

आता मुद्द्याचं सांगतो. आमच्या गल्लीतल्या बायांचा फोनवर एक ग्रुप होता, त्या मोठ्या कंपनीचा असतो तसा. चाळीसेक बाया. नळ आला, कोणाची पोरगी बाळंत झाली, कोण गेलं, मिरच्या कोणाकडे वाळत घालायच्या, सगळं त्याच्यावर. सिंधूला लिहिता येत नव्हतं. ती बोलून टाकायची. सहा वर्षांचं बोलणं होतं त्यात. एक दिवस सकाळी तो ग्रुप नाही. इंग्रजीत एक ओळ आली होती. तायडेबाईंनी वाचून सांगितलं की नियम मोडला म्हणून बंद केला. कोणता नियम, ते लिहिलं नव्हतं. कोणी मोडला, ते नव्हतं. सिंधू म्हणाली, मंग जाऊन इचारू ना.

चार वाजता बाई आपण होऊन आमच्या घरी आल्या. हे कधी घडत नसे, म्हणून लक्षात राहिलं. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "वैनी, दिवसभर पाह्यलं मी. कोनाच्या घरी जाऊन इचारू? दारच नाही तेले."

तिथून सुरुवात झाली. आयटीआयच्या भंगारातून त्यांनी एक जुना कॉम्प्युटर रीतसर कागद करून घेतला. त्याला मी पत्र्याची पेटी करून दिली, हवा खेळायला बाजूनं भोकं पाडली, बॅटरी जोडली. गच्चीवर पाइप उभा केला. शिडी मी धरली, वर त्याच चढल्या, कारण वायरीला मी हात लावलेला त्यांना खपत नसे. चढताना एकेक पायरीला "धरली न भाऊ, धरली न" चालू. वर पोहोचल्यावर अर्धा तास उतरल्याच नाहीत. खालून मी म्हटलं, बाई, चंद्रावर गेल्या काय. वरून उत्तर आलं की खाली पाहिलं की पाय जात नाहीत. शेवटी सिंधूनं वर जाऊन त्यांचा एकेक पाय हातानं धरून पायरीवर ठेवला.

त्या पेटीत आमच्या गल्लीचं बोलणं राहायला लागलं. सिंधू म्हणाली, हा तर आपला ओटाच झाला. नाव पडलं ओटा. मग बाईंनी अकोल्याला बहिणीकडे एक पेटी ठेवली, अकोटला एका जिनिंगवाल्याच्या घरी एक, तिवस्याला एका मास्तरकडे, आणि लांब धारणीला एका नर्सबाईच्या क्वार्टरमध्ये. अकोटवाल्यांचं बोलणं अकोटच्या पेटीत, आमचं आमच्या. निरोप एका पेटीतून दुसरीत जायचा, पण मधात मालक कोणी नाही. एक बंद पडली तर बाकीच्या चालू. तिवस्याची पेटी तर लाइनवरही नव्हती. तिचा माल आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर एसटीनं जायचा आणि तो पेनड्राइव्ह भरून द्यायचं काम बाईंनी मला शिकवलं होतं. सातवी नापास माणूस मी. दुकानात गिऱ्हाइकाला मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणायचो, थांबा, तिवस्याचा डाटा काढून राहिलो.

पेटी कोणाकडे ठेवायची याची बाईंची परीक्षा होती. त्या घरी जाऊन तासभर बसायच्या, चहा प्यायच्या, काही बोलायच्या नाहीत. अकोटला एका मोठ्या डॉक्टरनं आपण होऊन जागा देऊ केली. बंगला, चोवीस तास लाइट. बाई बसून आल्या आणि नाही म्हणाल्या. मी विचारलं, काऊन. म्हणाल्या, "त्याच्या फाटकावर कुत्रा आन् वॉचमन हाय. राग आला तर बाया जाऊन शिव्या कशा देतीन? ज्याच्या दारात जाऊन शिव्या देता येते त्याच्याच घरी पेटी." म्हणून ती जिनिंगवाल्याकडे गेली. त्याला बाया खरंच शिव्या देत. पेटी दोन दिवस बंद पडली तर सकाळी सात वाजता दारात दहा जणी.

धारणीला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. परतवाड्यापर्यंत बस, पुढे दुसरी बस, शेवटी जीप. पेटी मांडीवर, दुलईत गुंडाळलेली, लेकरासारखी. घाटात वळण आलं की माझ्या बाहीला धरायच्या. जीपवाल्यानं चिडवलं की मावशी, वाघ पेटी खात नाही. बाईंनी खरंच विचारलं, मंग काय खाते. तिथल्या बायांनी सांगितलं, आमच्या पेटीत फोटो नको, नुसता आवाज. बाहेरचे लोक येऊन फोटो काढून नेतात, त्याला त्या कंटाळल्या होत्या. मला वाटलं बाई समजावतील. बाईंनी वही काढली आणि लिहिलं, इथं फोटो नाही. तुमची पेटी, तुमचा कायदा, एवढंच बोलल्या.

आमच्या पेटीचा कायदा मात्र बाईंच्या बापाचा होता. पाहिलं असेल तर लिहा आणि खाली आपलं नाव ठेवा. ऐकलं असेल तर कोणाकडून ऐकलं त्याचं नाव ठेवा. बिननावाचं पुढे जायचं नाही. आणि आवाज गल्लीच्या पेटीबाहेर जायचा नाही, कारण आवाज कोणी कापून जोडला तर, याचं बाईंना भेव. पेटी आतून उघडायची किल्ली म्हणजे एक लांबलचक शब्द होता. त्याचा अर्धा भाग बाईंकडे, अर्धा माझ्याकडे. एकट्यानं कोणाला ती उघडता येऊ नये. मी म्हटलं, बाई, माझ्यावर एवढा भरवसा. त्या म्हणाल्या, भरवसा माझ्यावर नाही, म्हणून अर्धा तुमच्याकडे.

सिंधू त्या ओट्यावर रोज बोलायची. नळ आला, नळ गेला, कोबी आणू नका आत किडे हायत, आमच्या घरचा म्हातारा रात्रभर घोरला, इंजिन बरं. सगळी गल्ली ऐकायची आणि मी दुकानात गेलो की पोट्टे इंजिनाचा आवाज काढायचे. मग तिला पोटाचा आजार निघाला. पाच महिन्यांत ती गेली. शेवटचे दोन महिने उठता येत नव्हतं, तरी पडल्या पडल्या नळाची वर्दी द्यायची. आम्हाला मूलबाळ नाही. ती गेल्यावर घरात बोलणारं कोणी राहिलं नाही. मी रोज संध्याकाळी बाईंकडे जायचो, तीन हाका मारायचो, आत जाऊन पेटीसमोर बसायचो आणि त्या मला सिंधूचं एक बोलणं लावून द्यायच्या. रोज एकच. जास्त मागितलं तर देत नसत. म्हणायच्या, पुरवून खा भाऊ.

आता मी काय केलं ते लिहितो. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून बाई आठ दिवस अकोल्याला गेल्या. जाताना त्यांचा अर्धा शब्द पाकिटात घालून, पाकीट चिकटवून माझ्याकडे दिलं. पेटी बंद पडली तरच उघडजा म्हणाल्या. पेटी बंद पडली नाही. तिसऱ्या दिवशी मी पाकीट उघडलं. मला भेव वाटलं. गल्लीची पेटी, जुनी डिस्क, उद्या जळली तर सिंधू दुसऱ्यांदा जाईल, असं डोक्यात बसलं. नुसता तिचा आवाज वेगळा काढायचा कसा ते मला येत नव्हतं. तिवस्याला माल भरायचो तसा एक पेनड्राइव्ह लावला आणि अख्खी पेटीच त्यात उतरवून घेतली. तो बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. ते माझ्या साध्या फोनवर ऐकताही येत नव्हतं, पण खिशात होतं. बाई परत आल्या तेव्हा पाकीट डिंकानं चिकटवून परत दिलं. त्यांनी पाहिलं नाही, आणि मी सांगितलं नाही. तिचं एखादं बोलणं उतरायचं राहिलं असेल या भेवानं, तिवस्याचा माल भरताना मी दर वेळी तोही लावून अख्खी पेटी पुन्हा उतरवायचो. दोन्ही अर्धे शब्द आता मला पाठ होते.

उन्हाळा लागला आणि अमरावती शहरात पोरं पळवणाऱ्या टोळीची गोष्ट उठली. मोठ्या कंपनीच्या फोनवर दिवसाला शंभर निरोप. पांढरी गाडी, पिशवीत पोरं, अमुक गावात सापडले. आमच्या ओट्यावर ती गोष्ट अर्ध्या दिवसात मेली. खाली नाव कोण ठेवणार? कोणीच पाहिलं नव्हतं. बाईंना तेव्हा मी पहिल्यांदा खुश पाहिलं.

चार दिवसांनी भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर चाकू-सुऱ्यांना धार लावणाऱ्या दोघांना लोकांनी धरलं. त्यांच्या सायकलीच्या पिशवीत धारेचे दगड होते. कोणी पाहिलं नाही पिशवीत काय आहे. भरदुपारी, उन्हात, मारलं. आमच्या गल्लीतली मीना तिथं फुलं विकते. नवरा ट्रकवर, घरी दोन पोरी. तिनं घरी येऊन ओट्यावर लिहिलं. लिहिलं की ते टोळीवाले नव्हते, तासाभरापूर्वी मी त्यांना पाणी दिलं होतं, माझ्या कात्रीला धार लावून गेले. पहिला हात कोणी टाकला तेही लिहिलं. वॉर्डातल्या एका पुढाऱ्याचा भाचा. आणि कायद्याप्रमाणे खाली आपलं पूर्ण नाव ठेवलं.

आमच्यातल्याच कोणीतरी त्या लिहिण्याचा फोटो काढून मोठ्या कंपनीच्या फोनवर टाकला. टाकणाऱ्यानं भलेपणानं मीनाचं नाव कापलं. भाच्याचं नाव राहिलं. संध्याकाळपर्यंत शहराला माहीत झालं की तायडेबाईंच्या पेटीत कोणीतरी पाहणारं आहे.

दुसऱ्या सकाळी बाईंनी मला बरोबर घेतलं आणि मीनाकडे गेल्या. तिच्यासमोर हात जोडले. म्हणाल्या, कायदा माझा होता, नाव मी ठेवायले लावलं, चूक माझी. आता बोल तुझा आहे, ठेवू का पुसू, तू सांग. मीना पोरींकडे पाहत होती. म्हणाली, पुसा. बाई म्हणाल्या की पुसलेलं पण बाहेर काढणारे लोक असतात, डिस्कच फोडावी लागेल, सगळ्यांचं सगळं जाईल. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, वैनीचं बी जाईन. तुमचा अर्धा शब्द हाय. तुमी हो म्हना."

मी हो म्हटलं. सगळ्यांना वाटलं म्हातारा मनाचा मोठा. माझ्याच दुकानात, माझ्याच ड्रिलनं मी त्या डिस्कला तीन भोकं पाडली. बाई बाजूला उभ्या राहून रडत होत्या, माझ्यासाठी. आणि बंडीच्या खिशात तो पेनड्राइव्ह माझ्या बरगडीला टोचत होता. आदल्याच संध्याकाळी तो पेटीला लावला होता, म्हणजे मीनाचं लिहिणंही त्यात उतरलं होतं. तेव्हा बोललो नाही. बोललो असतो तर तिथंच संपलं असतं.

माणसं तिसऱ्या दिवशी दुपारी आली. मी बाईंच्या खोलीत कूलरचा पंप बसवत होतो, कूलरच्या मागे बसून. दारावर थाप पडली. पंखा बंद झाला. मी मनात म्हटलं, आज उघडू नका. दुसरी थाप, तिसरी. बाईंनी साखळी काढली. तिघंजण होते, कपडे चांगले, बोलणं गोड.

"मॅडम, आमचं तुमच्याशी काही भांडन नाही. लिहिलं कोनं तेवढं सांगा."

बाई म्हणाल्या, बसा, पाणी घ्या.

"पानी नको. नाव सांगा."

"मले माहीत हाय. सांगत नाही."

माहीत नाही म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण बाई तशाच. त्यांनी टेबलावरची डिस्क उचलून त्यांच्यापुढे ठेवली, तीन भोकांची. भोकं कोणी पाडली, एकानं विचारलं. मी पाडायले लावली, त्या म्हणाल्या आणि कूलरकडे चुकूनही पाहिलं नाही. दुसऱ्यानं खोलीभर नजर फिरवली.

"एकट्याच राहता न मॅडम?"

"हो."

"भेव नाही वाटत?"

"लय वाटते," बाई म्हणाल्या. "आता बी वाटून राह्यलं. हे पाहा." आणि त्यांनी उजवा हात त्याच्यासमोर धरला. तो हात असा थरथरत होता की बांगडी वाजत होती. तो माणूस त्या हाताकडेच पाहत राहिला. हात खाली घेतला नाही त्यांनी. मी माझ्या खिशावर हात दाबून धरला होता. माझी झडती घेतली असती तर मीना गेली होती, बाई गेल्या होत्या. पाण्याचा पाइप माझ्या पायावर गळत होता आणि मला पाय हलवायची हिंमत नव्हती.

जाताना एक जण म्हणाला, गल्लीत चाळीसच घरं हायत मॅडम, मोजून काढू.

त्यानंतर गच्चीवरचा पाइप कोणीतरी वाकवला. बाईंच्या दारात फुटलेली बाटली. गल्लीतल्या बाया एकमेकींच्या दारात जाईनाशा झाल्या. मीनानं दुकान लावणं बंद केलं. अकोटच्या जिनिंगवाल्यानं पेटी बंद करून गोणपाटाखाली ठेवली. मी त्याला बोल लावत नाही. आणि आठव्या दिवशी कळलं की धारवाल्या दोघांतला म्हातारा दवाखान्यातच वारला. केसमध्ये साक्षीदार नाही. बाजारात दोनशे लोक होते, आणि कोणी काही पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मी बाईंना सांगितलं. पेनड्राइव्ह त्यांच्या टेबलावर ठेवला आणि पाकिटापासून सगळं सांगितलं. मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी आधी उठून दाराला साखळी लावली. मग खिडकी लावली. मग जमिनीवर बसल्या, भिंतीला टेकून, पाय लांब करून. म्हणाल्या, "म्हनजे ते आले तवा तुमच्या अंगावर होतं?"

मी मान हलवली.

"आन् तुमी मले रडू देलं."

एवढंच. पुढे एक शब्द नाही त्याबद्दल, ना तेव्हा ना नंतर. हे मला अजून झोपू देत नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला म्हणाल्या, हे माझं नाही, तुमचंही नाही, जिचं आहे तिला जाऊन सांगा. मीनाला सांगायला मला त्यांनी एकट्याला पाठवलं. मी दारात उभा राहून सांगितलं. मीना पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. माझ्याकडे पाहून तिला राग यायचा तो आला. म्हणाली, काकाजी, माह्या पोरींची मान तुमी खिशात घेऊन फिरून राह्यले होते. मी म्हटलं, हो. फोडून टाकतो, आत्ता, तुझ्यासमोर.

तवा करपत होता. मग म्हणाली, "त्यात दिवस-वेळ हाय काय? मी कधी लिहिलं त्याची?"

होती. त्याच दुपारची होती, मारल्यावर तासाभरातली.

"मंग नका फोडू. आता मी तोंडानं सांगतलं तर म्हनतीन कोनं तरी शिकवून आनली. तो म्हातारा माह्या हातचं पानी पेला होता काकाजी. मले तेच दिसते."

बाईंच्या बहिणीच्या ओळखीनं अकोल्याचा एक वकील मिळाला. इथं शहरात कोणावर भरवसा नव्हता. वकील फोनवर म्हणाला की पेनड्राइव्ह कुठल्याही मशीनला लावू नका. लावला की आतल्या तारखांना हात लागला असं समोरचा म्हणेल. आहे तसा आणा, तो कोर्टाकडे जाईल. बाईंनी हे मला सांगितलं. सिंधूचा आवाज आधी वेगळा काढून देता येत नव्हता. जाईल तो सगळाच जाईल. परत कधी मिळेल ते वकीलही सांगू शकला नाही.

बाई म्हणाल्या, "मीनाचं तिनं सांगतलं. वैनीचं तुमी सांगा."

मी त्या रात्री विचार केला असं लिहिलं तर खोटं होईल. मी तिथंच हो म्हटलं. सिंधू असती तर तिनं मला लाटण्यानं मारलं असतं, एवढा वेळ लावला म्हणून.

मीनाच्या पोरींना तिच्या भावाकडे अकोटला पोचवलं. नंतर जे झालं ते थोडक्यात असं. मीनानं जबाब दिला. केस चालू आहे, तारखा पडतात. मीना अमरावतीत परत आली नाही. अकोल्याला एका मंदिराबाहेर फुलं विकते. बाईही बहिणीकडेच राहिल्या. त्यांच्या घराला कुलूप आहे आणि कूलर मी आणून माझ्याकडे ठेवला आहे, गंजू नये म्हणून. फोन करू नका म्हणाल्या, तुमचा नंबर माझ्या फोनमध्ये दिसायला नको. म्हणून मी करत नाही. बाकीच्या पेट्यांतली धारणीची चालू आहे असं ऐकतो. गल्लीत नवी पेटी ठेवायची का, यावर बाया दोनदा बसल्या. ज्यानं पाहिलं त्याचं नाव ठेवायचं का झाकायचं, यावर भांडून उठल्या. माझं मत कोणी विचारत नाही, ते बरोबरच आहे.

जायच्या दिवशी सकाळी त्यांना सोडायला मी एसटी स्टँडवर गेलो. अकोल्याची बस लागलेली होती. मीनानं पेनड्राइव्ह पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला होता आणि तो पदर कमरेत खोचला होता. बाईंच्या हातात एकच पिशवी. चढायच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गुलाबभाऊ, अजून हो-नाही म्हना. बस सुटली नाही."

मी म्हटलं, न्या.

त्या चढल्या. मीना खिडकीशी बसली, बाई तिच्या बाजूला. मी खाली उभा. तेवढ्यात चहाच्या टपरीपाशी मला ते दोघं दिसले, त्या दुपारी बाईंकडे आलेल्या तिघांतले. आमच्या मागावर आले होते की त्यांच्या कामानं, देव जाणे. एक जण फोन कानाला लावून बसच्या खिडक्या एकेक करून पाहत पुढे येत होता. कंडक्टरनं दार ओढून घेतलं, घंटी दिली. बस मागे सरकली.

बाईंनी त्याला पाहिलं. त्या उठल्या, मीनाचं डोकं खाली दाबून तिला आतल्या बाजूला सरकवलं आणि तिच्या जागेवर खिडकीशी येऊन बसल्या. तोंडावरचा पदर काढला. काच वर सारली. तो माणूस खिडकीखाली आला तेव्हा त्या सरळ त्याच्याकडे पाहत होत्या, दोन्ही हात खिडकीच्या दांडीवर, सगळ्या स्टँडला दिसतील असे. त्यानं त्यांना पाहिलं, फक्त त्यांनाच. बस वळली, तो दोन पावलं बरोबर चालला आणि थांबला. बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहणं सोडलं नाही, गाडी फाटकाबाहेर बडनेरा रोडला लागेपर्यंत.